कटरने कापलेल्या बटर कुकीज ओव्हनमध्ये का पसरतात? घरी आकार आणि स्वाद दोन्ही कसे टिकवायचे?

ट्रेमध्ये ठेवताना ती पाच टोकांची चांदणी असते. बारा-तेरा मिनिटांनी ओव्हनचं दार उघडलं की चांदणीच्या जागी एक गोलसर, चपटी चकती दिसते. शेजारचा बदाम आणि चंद्रकोर एकमेकांना चिकटलेले असतात. चवीला सगळं बरं लागतं, पण मुलांनी तासभर बसून कापलेले आकार मात्र गेलेले असतात.

घरी पहिल्यांदा बटर कुकीज करणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. दोष ओव्हनला दिला जातो, नाहीतर मैद्याला. पण बऱ्याचदा गडबड रेसिपीतल्या दोन शब्दांमुळे झालेली असते. ते शब्द म्हणजे 'रूम टेम्परेचर'.

युरोप-अमेरिकेतून आलेल्या रेसिपींमध्ये बटर 'रूम टेम्परेचर'ला आणायला सांगितलेलं असतं. तिथे त्याचा अर्थ साधारण २० अंश सेल्सिअस असा होतो. मुंबई, नागपूर किंवा पणजीच्या स्वयंपाकघरात, शेजारी गॅस सुरू असताना, तापमान सहज ३० अंशांच्या पुढे जातं. आणि बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. म्हणजे रेसिपीतली सूचना इथे तंतोतंत पाळली, तर कुकी ओव्हनमध्ये जाण्याआधीच पसरायला तयार झालेली असते.

मग आपल्याकडच्या उकाड्यात, घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, नीट आकाराच्या आणि वेगवेगळ्या स्वादांच्या बटर कुकीज कशा करायच्या? समजून घेऊया.

कट-आउट कुकी म्हणजे काय?

'कुकी' हा शब्द डच भाषेतल्या 'कुक्ये' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ छोटा केक. कुकीज करण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एकात सैलसर पीठ चमच्याने ट्रेवर सोडतात आणि ते भाजताना पसरणं अपेक्षितच असतं. चॉकलेट चिप कुकी या प्रकारातली. दुसऱ्या प्रकारात घट्ट पीठ लाटून, साच्याने किंवा कटरने आकार कापून भाजतात. याच कट-आउट कुकीज. जर्मनीत नाताळच्या आधी घरोघरी अशा कुकीज केल्या जातात. तिथे त्याचं प्रमाणही सोपं, एक-दोन-तीन असं आहे. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, सगळं वजनाने.

महाराष्ट्रात या दोन्ही पद्धतींची जवळची भावंडं आहेत. नानकटाई हाताने वळतात. भाजताना ती फुलते, थोडी पसरते आणि वर तडा जातो. तो तडा हीच तिची ओळख. शंकरपाळे मात्र लाटून कातण्याने कापतात आणि कापलेला आकार शेवटपर्यंत टिकावा लागतो. कट-आउट कुकी ही चवीने नानकटाईच्या जवळची असली, तरी शिस्तीने शंकरपाळ्याच्या जवळची आहे. नानकटाईचा हात बसलेल्या व्यक्तीची कट-आउट कुकी फसते, त्याचं एक कारण हेच. नानकटाईत चालणारा खाण्याचा सोडा आणि भरपूर फेटणं इथे चालत नाही.

बटर नेमकं काय करतं?

शंकरपाळ्यात मोहन का घालतात, हे ज्याला माहीत आहे त्याला कुकीचं निम्मं शास्त्र माहीत आहे. मैद्यात पाणी गेलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. पोळी ताणली जाते ती या जाळीमुळे. मोहन पिठाच्या कणांवर स्निग्धाचा थर चढवतं, त्यामुळे पाणी कणांपर्यंत कमी पोहोचतं, जाळी कमी बनते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. कुकीमध्ये हेच काम बटर करतं.

फरक एवढाच, की बटर म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ नव्हे. भारतातल्या नियमांनुसार टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाचं फॅट असावं लागतं आणि पाण्याचं प्रमाण १६ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे १५० ग्रॅम बटर घेतलं तर त्यात साधारण १२० ग्रॅम फॅट आणि २४ ग्रॅमपर्यंत पाणी असतं. हे पाणी कुकीला बांधून ठेवायला पुरेसं असतं. त्यात आणखी पाणी घातलं की गणित बिघडू लागतं.

आकार का बिघडतो?

ओव्हनमध्ये गेल्यावर कुकीत एक शर्यत सुरू होते. एकीकडे बटर वितळत असतं आणि पीठ सैल करत असतं. दुसरीकडे मैद्यातला स्टार्च आणि अंडं किंवा दूध घातलं असेल तर त्यांतली प्रथिनं उष्णतेने घट्ट होत असतात. बटर आधी पूर्ण वितळलं तर कुकी पसरते. कडा आधी घट्ट झाल्या तर आकार टिकतो. बटरला या शर्यतीत मागे ठेवायचं, तर कुकी ओव्हनमध्ये जाताना जितकी थंड असेल तितकं चांगलं.

याशिवाय आणखी तीन गोष्टी आकार बिघडवतात.

पहिली म्हणजे दाणेदार साखर. तिचे खडे भाजताना विरघळतात, त्यांचा पाक होतो आणि कुकी पसरते. पिठीसाखर पिठात आधीच एकजीव झालेली असते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडा कॉर्नस्टार्चही असतो, तोही पीठ बांधून ठेवतो. घरी मिक्सरवर साखर दळली असेल, तर ती बारीक चाळणीने चाळून घ्यावी.

दुसरी म्हणजे जास्त फेटणं. बटर आणि साखर दहा मिनिटं फेटली की त्यात हवा भरते. केकसाठी हे उत्तम. कुकीमध्ये मात्र ही हवा भाजताना फुगते आणि नंतर बसते, त्यासोबत आकारही बसतो. इथे मिश्रण एकजीव होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन मिनिटं फेटणं पुरेसं आहे.

तिसरी म्हणजे बेकिंग पावडर किंवा सोडा. कट-आउट बटर कुकीला यांची गरज नसते. खुसखुशीतपणा बटरमधूनच मिळतो.

साहित्य काय लागेल?

जर्मन एक-दोन-तीन प्रमाणात बटर भरपूर असतं. थंड हवेत ते पीठ नीट लाटता येतं. आपल्याकडे बटर थोडं कमी ठेवलं, तर पीठ हाताळायला सोपं जातं. खालचं प्रमाण अंड्यासह किंवा अंड्याशिवाय चालतं. पाच सेंटिमीटरच्या कटरने साधारण ३५ ते ४० कुकीज होतात.

– मैदा: २५० ग्रॅम
– बटर, मीठ नसलेलं: १५० ग्रॅम
– पिठीसाखर: १०० ग्रॅम
– अंड्यातला पिवळा बलक: १, किंवा थंड दूध: १ ते दीड टेबलस्पून
– मीठ: पाव चहाचा चमचा
– स्वादासाठी: खाली दिलेल्यांपैकी एक

मोजमाप शक्यतो वजनाने करावं. एकाच कपात मैदा हलक्या हाताने भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो आणि दाबून भरला तर १५० ग्रॅम. एवढ्या फरकाने पीठ कोरडं पडू शकतं किंवा चिकट होऊ शकतं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे महागड्या कटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आपल्याकडे दुकानात सहज मिळणारं पिवळं टेबल बटर बहुतेक वेळा मीठ घातलेलं असतं. तेच वापरायचं असेल तर वेगळं मीठ अजिबात घालू नये. बटरमध्ये २ टक्के मीठ धरलं, तर १५० ग्रॅममधून ३ ग्रॅम, म्हणजे जवळपास अर्धा चहाचा चमचा मीठ पिठात जातं. कॉफी, कोको किंवा जिऱ्याच्या कुकीत ते खपून जातं. केशर किंवा गुलाबासारख्या नाजूक स्वादात मात्र खारटपणा जाणवतो.

कृती: लाटायचं आधी, गार करायचं नंतर

१. बटर फ्रिजमधून काढून छोटे तुकडे करा आणि फक्त दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. उन्हाळ्यात पाच-सात मिनिटंही पुरतात. बोटाने दाबल्यावर खड्डा पडला पाहिजे, पण बोट तेलकट होता कामा नये. बटरला चकाकी आली असेल तर ते जास्त मऊ झालं आहे. अशा वेळी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा.

२. बटर, पिठीसाखर, मीठ आणि स्वादाचा पदार्थ दीड-दोन मिनिटं फेटा. बलक किंवा दूध घालून मिसळा.

३. मैदा चाळून घाला. पीठ कणकेसारखं मळायचं नाही. बोटांनी गोळा करायचं. मुठीत दाबल्यावर एकत्र राहिलं की थांबा. भुरभुरत असेल तरच चमचाभर दूध वाढवा.

४. पिठाचे दोन भाग करा. प्रत्येक भाग थोडा चपटा करून बटर पेपरच्या दोन कागदांमध्ये ठेवा आणि लगेच लाटा. जाडी साधारण ५ मिलिमीटर ठेवा. पोळपाटावर सुका मैदा भुरभुरवून लाटण्यापेक्षा ही पद्धत चांगली, कारण वरून लागलेला मैदा कुकी कोरडी करतो. जाडी सगळीकडे सारखी राहावी म्हणून पिठाच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवता येतं.

५. लाटलेलं पीठ कागदासकट ताटात सपाट ठेवून फ्रिजमध्ये ४५ मिनिटं ते एक तास ठेवा. बऱ्याच रेसिपीत गोळा आधी गार करून मग लाटायला सांगतात. आपल्या हवेत तसं केलं तर दगडासारखा झालेला गोळा लाटण्याजोगा होईपर्यंत पुन्हा कोमट होतो. आधी लाटलं तर तो फेरा वाचतो. शिवाय पातळ चादर गोळ्यापेक्षा लवकर आणि सारखी गार होते.

६. वरचा कागद काढा. कटर मैद्यात बुडवून, झटकून, आकार शक्य तितके जवळजवळ कापा. कटर सरळ खाली दाबा, गोल फिरवू नका. उरलेल्या कडा एकत्र करून पुन्हा लाटा, पण दोनदापेक्षा जास्त नाही. प्रत्येक वेळी ग्लुटेन वाढत जातं आणि कुकी कडक होते.

७. कापलेल्या कुकीज ट्रेवर एकमेकींपासून बोटभर अंतरावर ठेवा आणि ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि चांदणीची टोकं इथेच हातची जातात. ट्रे फ्रीझरमध्ये मावत नसेल तर कुकीज स्टीलच्या ताटात गार करून मग उलथन्याने ट्रेवर घ्या.

८. ओव्हन १७० अंश सेल्सिअसला १०-१५ मिनिटं आधी तापवा. ट्रे मधल्या खणात ठेवा. वरची आणि खालची कॉइल सुरू ठेवून १२ ते १४ मिनिटं भाजा. कडा फिकट सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून पांढुरका असला की बाहेर काढा.

९. या वेळी कुकी मऊ लागेल. ती कच्ची आहे असं समजून पुन्हा आत ढकलू नका. बटर गार होऊन गोठलं आणि उरलेली वाफ निघून गेली की कुकी खुसखुशीत होते. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर काढा.

दुसरा घाणा भाजताना ट्रे पूर्ण गार झालेला हवा. गरम ट्रेवर ठेवलेल्या कुकीतलं बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळायला लागतं. पहिला घाणा छान आणि दुसरा बिघडलेला, असं होतं त्यामागे बहुधा हेच कारण असतं.

कटर नसेल तर? छोटी वाटी किंवा स्टीलचा पेला चालतो. सगळ्यात काटकसरीचं साधन मात्र शंकरपाळ्याचं कातणं. शंकरपाळ्याचे किंवा चौकोनी तुकडे कापले तर कडा जवळपास उरतच नाहीत, आणि पीठ पुन्हा लाटावं लागत नाही.

स्वाद घालताना कोणता नियम पाळायचा?

नियम एकच: स्वाद वाढवा, पाणी वाढवू नका. वर पाहिल्याप्रमाणे, या पिठात जेमतेम लागेल एवढंच पाणी असतं. दोन चमचे संत्र्याचा रस किंवा आंब्याचा रस घातला की पीठ चिकट होतं. मग ते सावरायला मैदा वाढवावा लागतो आणि कुकी बिस्किटासारखी खुसखुशीत न राहता चिवट होते.

दुसरी गोष्ट अशी की वेलची, जायफळ, संत्र्याची साल, व्हॅनिला यांतले सुगंधी घटक पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगले मुरतात. म्हणून स्वाद मैद्यात मिसळण्यापेक्षा बटर आणि साखरेसोबत फेटावा. तेवढ्याच वेलचीचा वास जास्त येतो. पुढची प्रमाणं वरच्या साहित्यासाठी आहेत.

वेलची-जायफळ: एक चहाचा चमचा ताजी वेलची पूड आणि दोन चिमूट जायफळ. सोलून बरेच दिवस ठेवलेल्या पुडीचा सुगंध उडालेला असतो. म्हणून वेलदोडे आयत्या वेळी थोड्या साखरेसोबत कुटावेत.

केशर: २०-२५ काड्या चिमूटभर साखरेसोबत खलून एक चहाचा चमचा कोमट दुधात पंधरा मिनिटं भिजवा. ते दूध गार करूनच वापरा आणि साहित्यातल्या दुधातून तेवढं वजा करा.

संत्रं किंवा लिंबू: रस नको, सालीचा किस घ्या. सुगंधी तेल सालीच्या वरच्या रंगीत थरात असतं. खालचा पांढरा थर कडू असतो, तिथे किसणी थांबवावी. एका मोठ्या संत्र्याचा किस पिठीसाखरेत बोटांनी चोळला की साखर ओलसर आणि सुगंधी होते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सोलल्यावर ती किसता येत नाही. आधी किसावं, मग सोलावं. फळ किसण्याआधी नीट धुऊन पुसून घ्या.

कॉफी: दोन चहाचे चमचे इन्स्टंट कॉफी बलकात किंवा साहित्यातल्याच दुधात विरघळवून घाला. फिल्टर कॉफीचा चोथा चालत नाही, दाताखाली येतो.

कोको: २५ ग्रॅम मैदा कमी करून २५ ग्रॅम कोको पावडर घाला. कोको पाणी शोषतो, त्यामुळे अर्धा चमचा दूध जास्त लागू शकतं. या कुकीचा रंग बदललेला दिसत नाही. म्हणून घड्याळावर आणि वासावर भरवसा ठेवा.

खोबरं: ओलं खोबरं नको. ४० ग्रॅम सुकं, बारीक खोबरं कोरडंच हलकं भाजून, पूर्ण गार करून घाला आणि तेवढाच मैदा कमी करा. गरम खोबरं बटरमध्ये गेलं तर बटर वितळेल.

सुंठ: आल्याच्या रसाऐवजी एक चहाचा चमचा सुंठ पूड. सोबत अर्धा चमचा दालचिनी घातली तर नाताळच्या मसालेदार कुकीच्या जवळची चव येते.

जिरं: साखर ४० ग्रॅमवर आणा, मिठाचं बटर वापरा, दोन चहाचे चमचे जिरं भाजून भरड कुटून घाला. चहासोबत खारी खाणाऱ्यांना ही कुकी आवडते. साखर कमी असल्याने पीठ थोडं भुरभुरतं, दूध अर्धा टेबलस्पून वाढवा.

आंबा: हापूसच्या गरात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्यामुळे आमरस पिठात घालण्याचा मोह टाळावा. आंब्याची चव हवी असेल तर दोन साध्या कुकीजच्या मध्ये घट्ट आटवलेला आंब्याचा जॅम लावावा. तोही भाजून गार झाल्यावर आणि खाण्याच्या थोडा वेळ आधी.

इसेन्सच्या बाबतीत हात आखडता ठेवलेला बरा. एक चहाचा चमचा व्हॅनिला पुरतो. केवडा किंवा गुलाबाच्या इसेन्सचे दोन-तीन थेंबच घालावेत, नाहीतर कुकी खाताना अत्तराची आठवण येते.

बटरऐवजी तूप, घरचं लोणी किंवा मार्जरीन चालेल का?

तुपात पाणी जवळपास नसतंच. त्यामुळे १५० ग्रॅम बटरच्या जागी १५० ग्रॅम तूप घातलं तर कुकी हातात घेताच भुगा होते. १२० ग्रॅम तूप आणि दीड ते दोन टेबलस्पून थंड दूध हे त्याच्या जवळचं प्रमाण आहे. तूप गोठलेलं, रवाळ हवं. पातळ तूप चालत नाही. पोत नानकटाईसारखा रवेदार येतो, त्यामुळे बारीक टोकांचे आकार टाळून वाटीने गोल कापावेत.

घरच्या लोण्यात पाणी आणि ताकाचा अंश किती उरला आहे, ते दर वेळी बदलतं. ते थंड पाण्याने दोन-तीनदा धुऊन, घट्ट दाबून पाणी काढून, फ्रिजमध्ये गार करून वापरावं. दूध आधी न घालता, गरज पडली तरच घालावं.

बेकरीतली बिस्किटं उकाड्यातही आकार धरून असतात, याचं एक कारण म्हणजे तिथे अनेकदा वनस्पती तूप किंवा मार्जरीन वापरलं जातं. ते बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळतं. पण बटरचा स्वाद त्यात येत नाही. शिवाय अंशतः हायड्रोजनेटेड तेलांमधलं ट्रान्स फॅट हृदयासाठी घातक मानलं जातं. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेलं आणि अशा फॅटमध्ये ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. मार्जरीन वापरायचंच असेल तर पाकिटावरची माहिती वाचून घ्यावी.

ओव्हन नसेल तर?

मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर कुकीज होत नाहीत, कारण तिथे कोरडी उष्णता मिळत नाही. कन्व्हेक्शन मोड असेल तर १६० अंशांवर जमतात. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि घट्ट झाकण, ही घरगुती युक्तीही चालते. कढई मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग आच बारीक करावी. पाच-सहा कुकीज ताटलीत ठेवून १५ ते २० मिनिटं भाजाव्यात. कुकर वापरला तर गॅस्केट आणि शिट्टी काढलीच पाहिजे. कढईत वरून उष्णता कमी मिळते, म्हणून कुकी वरून पांढरी राहते आणि खालून रंगते. तिची तळाची बाजू पाहूनच आच बंद करावी.

नेमकं काय चुकलं, हे कसं ओळखायचं?

कुकी पसरली आणि कडा पातळ झाल्या असतील, तर पीठ गरम होतं किंवा ओव्हन नीट तापलेला नव्हता. छोट्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यात फरक असू शकतो. ओव्हन थर्मामीटर ठेवला तर तो कळतो.

आकार टिकला पण कुकी कडक झाली असेल, तर पीठ जास्त मळलं गेलं, पुन्हा-पुन्हा लाटलं गेलं किंवा मैदा जास्त पडला.

लाटताना कडांना भेगा पडत असतील, तर पीठ फार गार किंवा कोरडं आहे. दोन-तीन मिनिटं थांबून पाहा. तरीही फाटत असेल तर चमचाभर दूध लागेल.

कडा करपल्या आणि मध्य कच्चा राहिला असेल, तर लाटलेल्या पिठाची जाडी कमी-जास्त आहे किंवा लहान आणि मोठे आकार एकाच ट्रेमध्ये ठेवले गेले. प्रत्येक ट्रेमध्ये एकाच मापाचे आकार ठेवावेत.

कच्चं पीठ खावं का? कुकीज किती टिकतात?

मुलं कटरला लागलेलं पीठ चाटतात. ते टाळलेलं बरं, अगदी अंडं नसलं तरीही. मैदा दिसायला कोरडा असला तरी तो कच्चा पदार्थ आहे, त्यातले जंतू मारण्याची प्रक्रिया सहसा झालेली नसते. अमेरिकेत २०१६ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या संसर्गाचा उद्रेक थेट पिठाशी जोडला गेला होता. भाजल्यावर हा धोका राहत नाही. कापून झाल्यावर ओटा, लाटणं आणि हात साबणाने धुवावेत.

कुकीज पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात. कोमट भरल्या तर आत वाफ धरते आणि त्या मऊ पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे चांगल्या राहतात. पावसाळ्यात सादळल्या तर १५० अंशांवर चार-पाच मिनिटं तापवून गार केल्या की पुन्हा खुसखुशीत होतात. लाटलेलं पीठ कागदात गुंडाळून, वरून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येतं.

दिवाळी किंवा नाताळच्या आदल्या दिवशी एकदम अर्धा किलो मैद्याच्या कुकीज करायला घेण्याआधी एक सोपा उपाय आहे. पूर्ण ट्रे भरण्याआधी दोनच कुकीज भाजून पाहा. त्या पसरल्या, तर बाकीच्या कापलेल्या कुकीज आणखी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि ओव्हन तापला आहे का ते तपासा. तरीही पसरल्या, तर उरलेल्या पिठात टेबलस्पूनभर मैदा मिसळून ते पुन्हा लाटा आणि गार करा. दोन कुकीज वाया गेल्या तरी बाकीच्या सगळ्या वाचतात.